घर विकायच्या आधी चार खेपा

"नवऱ्याला डर्मॅटोमायोसायटिस आहे. स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेटने फारसा फरक पडला नाही, म्हणून डॉक्टरांनी दर महिन्याला आयव्हीआयजी सुचवलंय. भाड्याने दिलेलं दुसरं घर विकून टाकू का?" असं तुम्ही विचारलंय. (डर्मॅटोमायोसायटिस म्हणजे स्नायू आणि त्वचेला सूज आणणारा आजार; आयव्हीआयजी म्हणजे शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडी.)

ताई, उपचाराला हो म्हणा. घर मात्र आत्ताच विकू नका.

या औषधाचा डोस वजनावर ठरतो. साधारण किलोमागे 2 ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून, दर चार आठवड्यांनी. यजमानांचं वजन तुम्ही 60 किलो लिहिलंय, म्हणजे एका खेपेला 120 ग्रॅम: 10 ग्रॅमच्या बारा बाटल्या. हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून हे औषध काढावं लागतं, म्हणून ते महाग आहे. दाखल होण्याचा खर्च वेगळा.

एवढे पैसे घालावेत का? 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, याच आजाराच्या 95 रुग्णांवरच्या चाचणीत 16 आठवड्यांनी, म्हणजे चार खेपांनंतर, औषध मिळालेल्यांपैकी 79 टक्क्यांना किमान काही सुधारणा दिसली. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला नुसता दिखाऊ डोस, मिळालेल्यांपैकी 44 टक्क्यांना. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर चारच खेपांचे पैसे बाजूला काढले असते, तेही मुदत ठेवीतून. निवृत्तीच्या पैशाला हात नको. रिपोर्टवर इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस हा स्नायूंचा दुसरा आजार असता, तर मी वेगळं सांगितलं असतं. त्या आजारात या औषधाचा टिकाऊ फायदा दिसलेला नाही.

पहिल्या खेपेआधी विमा कंपनीची पूर्वमंजुरी लेखी घ्या, नाहीतर दावा नंतर अडकू शकतो. डॉक्टरांच्या पत्रात निदान, आधी कोणती औषधं किती महिने दिली, वजन आणि डोस हे सगळं हवं. "रुग्णाला आयव्हीआयजीची गरज आहे" एवढ्या एका ओळीवर भागत नाही.

आणि आजच वहीत तारीख घालून लिहा: खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, केस विंचरताना हात किती वेळ वर राहतो. चौथ्या खेपेनंतर हीच नोंद आणि डॉक्टरांची तपासणी शेजारी ठेवून घराचं ठरवू. घाईत विकलेल्या घराला भाव कमी मिळतो, आणि यजमानांचा पगार थांबला तर ते भाडंच तुमचा आधार आहे.

फरक चांगला पडला, तर डोस कमी करता येईल का किंवा दोन खेपांमधलं अंतर वाढवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पुढच्या वर्षाचा सगळा हिशोब त्या उत्तरावर बदलेल.