पूरसंरक्षणाचा निधी: मंजुरीचा आकडा आणि पुढची पन्नास वर्षे

आपल्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पाणीपुरवठा आणि पूरसंरक्षण यांसाठी सरकारे मोठमोठ्या रकमा जाहीर करतात, तरी त्या कामांवर वेळेत खर्च का होत नाहीत. कोणत्या कामाला पैसा द्यायचा हे नेमके कशावर ठरते. आणि स्थानिक संस्थेने अनुदानाची वाट पाहावी की कर्ज काढून काम सुरू करावे. पाण्याच्या कामांची अंदाजपत्रके आणि प्रकल्प अहवाल तपासण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की, जाहीर झालेल्या रकमेपेक्षा ती रक्कम किती वर्षे आणि किती नियमाने येणार आहे, आणि काम उभे राहिल्यावर त्याच्या देखभालीचा खर्च कोणाच्या नावावर पडणार आहे, हे दोन प्रश्न कितीतरी अधिक महत्त्वाचे आहेत.

प्रथम पाणीपुरवठा आणि पूरसंरक्षण यांतला मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो, कारण घोषणांमध्ये दोन्ही एकाच शीर्षकाखाली येतात. पाणीपुरवठ्याच्या कामाला उत्पन्न असते. नळजोडणी असते, मीटर असतो, पाणीपट्टी असते. म्हणून अशा कामासाठी काढलेले कर्ज पाणीपट्टीतून फेडता येते. पूरभिंतीला असे उत्पन्न नसते. जो पूर आत शिरलाच नाही त्याचे बिल कोणाला पाठवता येत नाही, त्यामुळे त्या कामाचा भार सर्वसाधारण करांवर किंवा खास त्यासाठी बसवलेल्या उपकरावर पडतो. अमेरिकेतील उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्याखाली तिथे सांडपाणी प्रकल्पांना केंद्राकडून थेट अनुदाने मिळत होती. १९८७मध्ये ती पद्धत बदलून प्रत्येक राज्यात फिरता निधी उभारण्याची तरतूद झाली: केंद्र भांडवल देते, राज्य त्यात केंद्राच्या रकमेच्या २० टक्के भर घालते, त्यातून नगरांना कमी व्याजाने कर्जे मिळतात आणि परत आलेल्या हप्त्यांतून पुढच्या नगराला कर्ज दिले जाते. १९९६पासून पिण्याच्या पाण्यासाठीही असाच निधी आहे. तीच रक्कम पुन्हा पुन्हा वापरली जाते, हे या पद्धतीचे बळ. परंतु ज्या गावाची पाणीपट्टी हप्ता फेडण्याइतकी जमा होत नाही त्याला तिचा उपयोग होत नाही, हे तिचे दुबळेपण. म्हणूनच २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यात या निधींना जी वाढीव रक्कम दिली गेली, तिच्यातला जवळजवळ निम्मा भाग गरजू वस्त्यांना अनुदान किंवा कर्जमाफीच्या स्वरूपात द्यावा अशी अट घालावी लागली.

पूरसंरक्षणाचा पैसा बहुतेक देशांत पूर येऊन गेल्यावरच मिळालेला दिसतो. नेदरलँड्समध्ये समुद्राकाठचे बांध अपुरे आहेत असा इशारा तिथल्या सरकारी जलखात्यातील अभियंता योहान फान फेन यांनी आधीच दिला होता. मोठी तरतूद झाली ती १९५३च्या ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी यांमधल्या रात्री आलेल्या पुरात १,८३६ माणसे बुडाल्यानंतर. किनारा सुरक्षित कसा करावा हे सुचवणारा डेल्टा आयोग त्या फेब्रुवारीतच नेमला गेला. कॅनडातील विनिपेग शहर १९५०मध्ये बुडाले, त्यानंतर त्या शहराच्या मॅनिटोबा प्रांताचे मुख्यमंत्री (प्रीमियर) डफ रॉब्लिन यांनी शहराला वळसा घालून नदीचे पाणी पुढे सोडणाऱ्या सुमारे ४७ किलोमीटर लांबीच्या कालव्याचा आग्रह धरला. १९६२ ते १९६८ या काळात ६३ दशलक्ष डॉलर खर्चून तो खोदला गेला. एवढा खर्च उधळपट्टी आहे असे म्हणणारे त्या वेळी पुष्कळ होते. १९९७च्या महापुरात त्याच कालव्याने शहर वाचवले, आणि आजवर टळलेल्या नुकसानीचा अंदाज ४० अब्ज डॉलरहून अधिक सांगितला जातो.

राज्यकर्ते आधी पैसा का देत नाहीत, याचे उत्तर केवळ त्यांच्या दूरदृष्टीच्या अभावात शोधणे पुरेसे नाही. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या अमेरिकी अभ्यासकांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असे दाखवले की, मतदार आपत्तीनंतरच्या मदतीचे श्रेय सरकारला देतात, मात्र आपत्तीपूर्वीच्या तयारीचे देत नाहीत. वास्तविक त्यांच्याच हिशेबाने तयारीवरचा १ डॉलर पुढचे सुमारे १५ डॉलरचे नुकसान वाचवतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय इमारतशास्त्र संस्थेने वेगळ्या पद्धतीने मांडलेल्या हिशेबात संघराज्याच्या प्रतिबंधक अनुदानांतील प्रत्येक डॉलरमागे ६ डॉलर वाचतात असे आढळले. मतदार म्हणून आपण काय विचारतो, यावरही तरतूद अवलंबून असते. मदतीचा धनादेश किती उशिरा आला हे आपण तावातावाने विचारतो, पण गेल्या वर्षी नाल्यावरच्या पंपांची चाचणी झाली का, हे फारसे कोणी विचारत नाही. भारतात पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले आणि ८० टक्के प्रतिसादासाठी (म्हणजे आपत्तीनंतरच्या मदतीसाठी) व २० टक्के प्रतिबंधासाठी ठेवले, हे मला योग्य दिशेचे पाऊल वाटते, कारण त्यामुळे प्रतिबंधाच्या पैशाला स्वतःचे खाते मिळाले. त्याच काळासाठीच्या पूर व्यवस्थापन आणि सीमावर्ती क्षेत्र कार्यक्रमाला केंद्राने ४,१०० कोटी रुपये मंजूर केले आणि त्यात सर्वसाधारण राज्यांच्या कामांना केंद्राचा वाटा ६० टक्के व विशेष दर्जाच्या (ईशान्येकडील आणि डोंगराळ) राज्यांना ९० टक्के होता. उरलेला वाटा राज्याने वेळेवर उभा केला नाही, तर केंद्राचा पुढचा हप्ता थांबतो; मंजूर झालेले काम वर्षानुवर्षे अर्धवट दिसण्याचे हे फार साधे आणि फार नेहमीचे कारण आहे.

कामांची निवड कशी होते, हा आपल्या प्रश्नातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग. अमेरिकेच्या १९३६च्या पूरनियंत्रण कायद्याने असे तत्त्व घालून दिले की, ज्यांना कोणाला लाभ होईल त्या सर्वांचा मिळून लाभ अंदाजित खर्चापेक्षा अधिक असेल तरच संघराज्याने त्या कामात उतरावे. लाभ-खर्च गुणोत्तराची पद्धत तिथून जगभर पसरली. पद्धत आवश्यक आहे, परंतु तिच्यात दोन जागा अशा आहेत जिथे आकड्यांच्या आडून धोरण ठरते. पहिली जागा म्हणजे भविष्यातल्या लाभाला आजच्या किमतीत आणण्यासाठी वापरलेला वार्षिक सूट दर. पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या १०० कोटींच्या लाभाची आजची किंमत ७ टक्के दराने सुमारे ३ कोटी ४० लाख भरते, आणि तीच २ टक्के दराने ३७ कोटींच्या वर जाते. म्हणजे नदी तीच, भिंत तीच, आणि केवळ हा एक दर बदलल्याने प्रकल्प पात्र किंवा अपात्र ठरतो. प्रकल्प अहवाल हातात आला की मी प्रथम हे पान उघडतो. दुसरी जागा म्हणजे नुकसानीचे मोजमाप. ते मालमत्तेच्या किमतीवर केले की महागड्या वस्तीचे संरक्षण नेहमीच अधिक फायद्याचे दिसते, आणि जिथे घरे कच्ची असून माणसे दाटीने राहतात ती वस्ती कागदावर मागे पडते. इंग्लंडमध्ये २०११मध्ये जी भागीदारी निधीची पद्धत (खर्च सरकार आणि स्थानिक भागीदार मिळून उचलतात ती) आली, तिच्यात वंचित भागातील घरांसाठी सरकारी वाटा अधिक दराने मोजला गेला, तो याच कारणासाठी. तसा भार सूत्रातच घालून ठेवणे मला न्याय्य वाटते, कारण पुढे तो अधिकाऱ्याच्या सदिच्छेवर अवलंबून राहत नाही.

जाहीर रक्कम आणि प्रत्यक्ष संरक्षण यांतले अंतरही इंग्लंडच्याच उदाहरणात स्पष्ट दिसते. २०२१ ते २०२७ या सहा वर्षांसाठी तिथे ५.२ अब्ज पौंड जाहीर झाले आणि त्यातून ३,३६,००० मालमत्तांचे संरक्षण सुधारेल असे सांगितले गेले. २०२३मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवले की, महागाई आणि प्रकल्पांना झालेला विलंब यांमुळे अपेक्षित आकडा सुमारे २,००,०००वर आला आहे. यात गैरव्यवहाराचा प्रश्न नव्हता. जुन्या दरांनी बांधलेली रक्कम, भूसंपादन आणि परवानग्यांत जाणारा काळ, आणि स्थानिक भागीदारांचा वाटा गोळा होण्यास लागणारा वेळ हे सगळे धरूनच अशा घोषणा वाचाव्या लागतात.

आता देखभालीकडे येतो, आणि इथे मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण बहुतेक अनुदाने बांधकामासाठी असतात आणि देखभाल स्थानिक संस्थेवर सोडलेली असते. पूरभिंतीच्या आतल्या वस्तीचे पावसाचे पाणी नदीत जाण्यासाठी भिंतीतून मोठे नळ काढलेले असतात. प्रत्येक नळाच्या नदीकडच्या तोंडावर वरच्या बिजागरीवर लटकणारी लोखंडी झडप असते. नदी चढली की पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते आणि नदी उतरली की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. तिला वीज लागत नाही, माणूस लागत नाही. फक्त बिजागरीला वंगण, कडेच्या रबराची बदली आणि तोंडासमोरचा गाळ उपसणे एवढेच लागते. एका ठिकाणी पाहणीला गेलो असता अशी एक झडप बिजागरीत गंजून चार बोटे उघडी अडकलेली होती आणि तिच्या फटीत बाभळीची फांदी रुतली होती. भिंत वरून उत्तम दिसत होती, तिची उंचीही नियमाप्रमाणे होती. तरीही पुढच्या पुरात नदी भिंतीवरून न येता त्या नळातून सरळ वस्तीत आली असती. त्या झडपेच्या दुरुस्तीसाठी स्थानिक अंदाजपत्रकात लेखाशीर्षच (खर्चाचे वेगळे खातेच) नव्हते, आणि मूळ अनुदानाच्या अटींत अशा खर्चाला जागा नव्हती.

मोठ्या कामांचेही असेच होते. २००५च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सभोवती सुमारे १४ अब्ज डॉलर खर्चून भिंती, बांध आणि दरवाजे उभारले गेले. २०१९मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने जाहीर सूचनेत म्हटले की, खचणारी जमीन आणि वाढती समुद्रपातळी यांमुळे बांधांची उंची वाढवली नाही तर २०२३पासूनच ही व्यवस्था ठरलेले संरक्षण देण्यास अपुरी पडू शकेल. मऊ जमिनीवरचा बांध स्वतःच्या वजनाने बसतो आणि ठरावीक वर्षांनी त्यावर पुन्हा माती चढवावी लागते; हा दोष नसून अशा बांधांचा स्वभाव आहे, आणि तो खर्च मंजुरीच्या दिवशीच हिशेबात धरायला हवा.

या बाबतीत मला सर्वांत विचारपूर्वक बांधलेली पद्धत नेदरलँड्सची वाटते. तिथली २१ जलमंडळे, म्हणजे पाणी आणि बांध सांभाळणाऱ्या स्थानिक संस्था, लोकनिर्वाचित आहेत आणि ती स्वतःचा कर स्वतः गोळा करतात. त्यांच्यासाठी १९५४पासून वेगळी बँकही आहे, जी त्यांना दीर्घ मुदतीची कर्जे देते. बांध बळकट करण्याच्या कामांचा निम्मा खर्च केंद्र सरकार उचलते, ४० टक्के सर्व जलमंडळे मिळून देतात आणि १० टक्के ज्या मंडळाचे काम आहे ते स्वतः देते. हा १० टक्क्यांचा वाटा लहान आहे, पण त्यामुळे मंडळाला काम विनाकारण महाग करण्यात हित उरत नाही. आणि ४० टक्के सामाईक असल्याने दुबळ्या मंडळाला एकट्याने भार पेलावा लागत नाही. २०१२च्या डेल्टा कायद्याने केंद्राच्या वाट्यासाठी स्वतंत्र डेल्टा निधी निर्माण केला, त्यात दरवर्षी एक अब्ज युरोहून अधिक रक्कम असते आणि पुढच्या अनेक वर्षांच्या तरतुदी आधीच दिसत असतात. त्यामुळे गेल्या वर्षी पूर आला की नाही यावर तिथला कामाचा वेग अवलंबून राहत नाही. पैसा केवळ भिंतींवरच घालायचा असेही तिथे मानले जात नाही. ‘नदीला जागा’ या कार्यक्रमात तीसहून अधिक ठिकाणी बांध मागे घेतले गेले, पूरमैदाने (नदीकाठची पुरात बुडणारी सपाट जमीन) खोल केली गेली, आणि ओव्हरडीपसे भागातील शेतकऱ्यांनी उंच भरावांवर नवी घरे-गोठे बांधून आपली शेते नदीला महापुराच्या वेळी उघडी करून दिली. आपल्या निधीच्या नियमांत स्थलांतराचा किंवा जमिनीच्या मोबदल्याचा खर्च बसतो का, हे अवश्य तपासावे. पुष्कळ योजनांत फक्त बांधकाम बसते, आणि मग भिंत हाच एकमेव उपाय असल्याप्रमाणे प्रस्ताव तयार होतात.

अनुदान की कर्ज, या आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. काम पाणीपुरवठ्याचे असेल, पाणीपट्टीची वसुली बरी असेल आणि गळतीमुळे दरवर्षी नुकसान होत असेल, तर अनुदानाची अनिश्चित वाट पाहण्यापेक्षा कमी व्याजाचे कर्ज काढून गळती आधी थांबवणे बहुतेक वेळा स्वस्त पडते. काम पूरसंरक्षणाचे असेल, तर मुख्य बांधकामासाठी अनुदानाशिवाय पर्याय क्वचितच असतो. परंतु कोपनहेगनने २०११च्या २ जुलैच्या ढगफुटीनंतर जे केले ते पाहण्यासारखे आहे. तिथे कायद्यात बदल करून, रस्ते आणि उद्याने यांतून पावसाचे पाणी वाहून नेण्याच्या कामांचा मोठा वाटा पाण्याच्या शुल्कातून उभा करण्याची मुभा देण्यात आली. अशी मुभा आपल्या कायद्यात आहे का, हे विधी सल्लागाराकडून लेखी विचारून घ्यावे.

अनुदान मिळण्याची वाट पाहत असतानाही दोन कामे स्वतःच्या पैशातून आजच सुरू करता येतात. नदीपात्राच्या आडव्या छेदांचे (रुंदी-खोलीचे) मोजमाप, माती परीक्षण, जमिनीच्या मालकीच्या नोंदी आणि सविस्तर प्रकल्प अहवाल यांचा खर्च एकूण कामाच्या मानाने अल्प असतो, आणि पुरानंतर जेव्हा अचानक निधी खुला होतो तेव्हा तो ज्यांचे आराखडे तयार असतात त्यांच्याकडेच जातो, कारण मंजूर रक्कम ठरलेल्या मुदतीत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) द्यावे लागते. दुसरे म्हणजे देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष. पुढच्या सर्वसाधारण सभेतच ते उघडावे, त्यात वार्षिक रक्कम ठरवून टाकावी, आणि अनुदानाच्या करारावर सही करण्यापूर्वी झडपा, पंप, दरवाजे आणि बांधाची पुनर्भरणी यांची यादी व प्रत्येकाची जबाबदारी कोणत्या खात्याची, हे करारालाच जोडून घ्यावे.