एकाच ‘सु’चे किती अर्थ? घाबरू नका

कोरियन शब्दांतल्या एकाच ‘सु’चे इतके अर्थ कसे लक्षात ठेवायचे, ही तुमची तक्रार रास्त आहे. कोरियन शिकायला लागलं की पहिल्या महिन्यात ‘सु’ भेटतो आणि डोकं फिरवतो. पण आपला ‘कर’ आठवा: करकमल, करमाफी, दिनकर. गोंधळतो का आपण? शेजारचा शब्द अर्थ सांगतो.

कोरियनने चिनीतून पुष्कळ शब्द घेतले; चिनीत वेगवेगळे उच्चार असलेली अक्षरं कोरियनमध्ये येऊन एकाच उच्चारात बसली. सुरुवातीला तीनच ‘सु’ धरा:

- पाणी: सेंगसु (बाटलीतलं पिण्याचं पाणी), सुयंग (पोहणं). सुयोइल म्हणजे बुधवार, कारण बुध ग्रह तिकडे ‘जलतारा’!
- हात: बाकसु (टाळ्या), सुगन (टॉवेल). कासु म्हणजे गायक. इथे ‘हात’ म्हणजे त्या कामात मुरलेला माणूस.
- संख्या: सुहाक (गणित).

आता नेहमीच्या चुका. हॉटेलात नुसतं ‘सु’ मागू नका. एकटा शब्द वापरताना पाणी म्हणजे ‘मुल’, हात म्हणजे ‘सोन’. हे अस्सल कोरियन शब्द. आपणही जलतरण म्हणतो, पण मागतो पाणीच ना? दुसरं, दिसला ‘सु’ की चिनी मूळ शोधत बसू नका. ‘सुदा’ म्हणजे गप्पा, तो शब्द देशीच आहे. आणि ‘सुहाक योहेंग’ वाचून मी गणिताची सहल समजलो होतो! ती साधी शाळेची सहल. तिथला ‘सु’ चौथाच, विद्या मिळवण्यातला.

चिनी अक्षरं गिरवायची घाई आत्ता नको. वहीत प्रत्येक ‘सु’ला एक पान द्या आणि नवा शब्द भेटला की त्या पानावर टाका. पन्नासेक शब्द झाले की परत विचारा, मग ‘सांग’ या अशाच अनेक अर्थांच्या कोरियन अक्षराकडे वळू.