वाचकांचे प्रश्न : लॉ फर्मच्या दोन ऑफर

प्रश्न : मी ठाण्याला पाचपाखाडीत राहतो. यंदा एलएलबी पूर्ण झालं. मुंबईतल्या दोन मोठ्या लॉ फर्मकडून कॉर्पोरेट असोसिएट म्हणून ऑफर आहे. एक लोअर परळला, वर्षाला 18 लाख. दुसरी फोर्टला, 16 लाख. पहिलीचं नाव मोठं, म्हणून घरचे तिच्याच बाजूने आहेत. काय बघून ठरवावं?

उत्तर : पैशांचं आधी बघू, ते लवकर उरकतं. 18 लाखांत ‘व्हेरिएबल’ (हमी नसलेला, कामगिरीवर मिळणारा भाग) किती, ते ऑफर लेटरमध्ये शोधा. 20 टक्के असेल तर हमीचे 14 लाख 40 हजार, म्हणजे महिन्याला 1 लाख 20 हजार. पूर्णवेळ पगारी नोकरी करत वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. म्हणून असोसिएट बहुधा रिटेनरवर (पगाराऐवजी ठरलेल्या मासिक फीवर) असतो आणि 10 टक्के टीडीएस कापला जातो. हातात 1 लाख 8 हजार. दुसरीकडचे 16 लाख पूर्ण फिक्स असतील तर टीडीएस जाऊन 1 लाख 20 हजार. पीएफ, ग्रॅच्युइटी धरू नका. कापलेला टीडीएस मात्र परत मिळू शकतो. वकिलांना अनुमानित पद्धतीने निम्मी जमाच उत्पन्न म्हणून दाखवता येते. 16 लाखांचे 8 लाख, आणि नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य होतो. दुसरं उत्पन्न असेल तर सीएला विचारा.

आता टीम. आमच्या मते निवड इथेच होते, कारण एकाच फर्ममध्ये दोन पार्टनरांकडचं पहिलं वर्ष अगदी वेगळं जातं. ऑफर लेटरवर नुसतं ‘कॉर्पोरेट’ असेल तर कोणत्या पार्टनरकडे बसवणार, हे एचआरला ईमेलवर विचारा.

पहिल्या वर्षी मुख्य काम ड्यू डिलिजन्सचं, म्हणजे व्यवहाराआधी कंपनीची कागदपत्रं तपासण्याचं. डेटा रूममधले (कंपनीने कागदपत्रं ठेवलेल्या ऑनलाइन फोल्डरमधले) शे-दोनशे करार उघडायचे आणि प्रत्येकात तेच शोधायचं : कंपनीची मालकी बदलली तर समोरच्याला करार मोडता येतो का, संमती घ्यावी लागते का, नोटीस किती दिवसांची. सहा महिने हे करावंच, करार वाचायची नजर त्यातूनच तयार होते. पण दोन वर्षं तेवढंच केलं तर फर्म बदलताना अडचण येते. मुलाखतीत ‘कोणती कलमं तुम्ही ड्राफ्ट केलीत?’ असं विचारतात आणि सांगायला काही नसतं. हे कुठे घडतं? जिथे तीन ते पाच वर्षं अनुभवाचे लोक सोडून गेलेत तिथे. ड्राफ्ट तपासून लाल करून परत देणारं मधलं माणूसच नसतं. पार्टनरला वेळ नसतो, मग तो स्वतःच लिहून टाकतो.

म्हणून त्या टीममधून नुकत्याच बाहेर पडलेल्या कुणाला तरी गाठा. मागच्या व्यवहारात बोर्ड ठरावांचा पहिला मसुदा कुणी केला? क्लोजिंग चेकलिस्ट (व्यवहार पूर्ण करताना लागणाऱ्या कामांची यादी) कुणाकडे होती? अनिवासी खरेदीदाराला शेअर गेले की 60 दिवसांत एफसी-टीआरएस (रिझर्व्ह बँकेला शेअर हस्तांतर कळवायचा फॉर्म) भरावा लागतो, ती तारीख कोण सांभाळत होतं? फोर्टच्या टीमबद्दल उत्तर ‘फ्रेशर’ असेल तर 16 लाखांची ऑफर बिनधास्त घ्या. दोन पार्टनर, दहा ज्युनिअर आणि मध्ये कुणीच नाही, अशी टीम असेल तर नाव कितीही मोठं असो, टाळा.

प्रवासही मोजा. फोर्टसाठी ठाण्याहून सीएसएमटी फास्ट थेट. लोअर परळसाठी करी रोडपर्यंत स्लो, किंवा दादरला गाडी बदला. क्लोजिंगच्या रात्री मात्र दोन्हीकडे सारखंच, शेवटची लोकल हुकणार. कितीनंतर कॅबचे पैसे मिळतात आणि ठाण्यापर्यंतचे मिळतात का, हे आधीच विचारा.

प्रश्न : सनद (वकिलीचा परवाना) मिळण्याआधी फर्ममध्ये रुजू झालं तर चालतं का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : अनेक फर्म घेतात, पण सनदेसाठी मुदत घालून देतात. तोवर वकील म्हणून कोर्टात उभं राहता येत नाही, वकीलपत्रावर सही करता येत नाही. निकाल लागताच महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 2024 च्या निकालानुसार नोंदणी शुल्क 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. मुद्रांक शुल्क असल्यास वेगळं. दहावीचं प्रमाणपत्र, पदवी आणि आधार यांवरचं नाव आजच शेजारी शेजारी ठेवून बघा. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, यावरून अर्ज अडतो आणि प्रतिज्ञापत्र करण्यात दिवस जातात.