वाचकांचे प्रश्न : मोटारीची दुसरी चावी

प्रश्न : मोटार घेतल्यापासून तिची दुसरी चावी कपाटात पडून आहे. ती अधूनमधून वापरावी का आणि कुठे ठेवावी?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : अवश्य वापरावी. महिन्यातून एकदा तिने दार उघडून इंजिन सुरू करून पाहिले, म्हणजे चावी निकामी झाल्याचे ऐन गरजेच्या वेळी, रात्री रुग्णाला यवतमाळला न्यायचे असताना, कळण्याची वेळ येत नाही. रिमोटमधील नाण्यासारखी बॅटरी (बहुधा ३ व्होल्टची सीआर२०३२) न वापरताही उतरते आणि जुनी झाल्यावर पाझरून आतील भाग खराब करू शकते, म्हणून रिमोटचा पल्ला कमी होताच ती बदलावी. इमोबिलायझरची (योग्य चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेची) चावीतील चिप मात्र सहसा या बॅटरीवर चालत नाही. ही चिप ओळखली गेली तरच इंजिन चालते, त्यामुळे किल्ल्या बनवणाऱ्याकडून चिपशिवाय करून घेतलेल्या चावीने दार उघडते, पण इंजिन सुरू राहत नाही. बटणाने सुरू होणाऱ्या मोटारीत बॅटरी संपल्यास रिमोट बटणाला टेकवून पाहावा; नेमकी जागा माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

ही चावी मोटारीत कधीही ठेवू नये. चोरीचा धोका तर आहेच, शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बंद मोटारीतील उष्णता बॅटरीला सोसत नाही. घरात, पहिल्या चावीपासून वेगळी, कोरड्या डबीत ठेवावी आणि जागा घरातील आणखी एका व्यक्तीला सांगून ठेवावी. मोटार चोरीला गेल्यास विमा कंपन्या सहसा दोन्ही चाव्या मागतात, हेही लक्षात असू द्यावे.