मेलाय की मरतोय? ‘शिकी’ बघून जपानी शिकणाऱ्यांचे प्रश्न

‘शिकी’ ही व्हॅम्पायरांची भयमालिका जपानी शिकायला कितपत उपयोगी, याविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. जिने-ज्याने ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फुयुमी ओनो यांची १९९८ची कादंबरी, तिच्यावर रयू फुजिसाकी यांची मांगा (चित्रकथा), आणि २०१०च्या जुलै ते डिसेंबरात जपानी टीव्हीवर रात्री उशिरा दाखवलेले ॲनिमेचे (जपानी ॲनिमेशन मालिकेचे) २२ भाग. डोंगरातलं सोतोबा नावाचं आडवळणी गाव, उंचावर नव्याने उभा राहिलेला परदेशी धाटणीचा वाडा, आणि ऐन उन्हाळ्यात माणसं एकामागून एक दगावायला लागतात. गावचा डॉक्टर तोशिओ ओझाकी, देवळातला भिक्षू सेइशिन मुरोई आणि शहरातून आलेला शाळकरी नात्सुनो युउकी यांच्याभोवती गोष्ट फिरते. शेवट खाली कुठेही फोडलेला नाही. प्रश्नांत येणारे एन-५ ते एन-१ हे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचे टप्पे: एन-५ सगळ्यांत सोपा, एन-१ सगळ्यांत अवघड.

एन-४ झालं आहे, डिसेंबरात एन-३ देणार. ॲनिमे बघून परीक्षेला काही फायदा नाही असं क्लासमध्ये सांगतात. ‘शिकी’ बघू का?
— विद्यार्थिनी, पुणे

क्लासमधलं म्हणणं तलवारी आणि जादूच्या मालिकांना चपखल लागू पडतं. तिथे शिकलेला शब्द परीक्षेत भेटत नाही आणि दुकानातही नाही. ‘शिकी’तली माणसं मात्र आळीतल्यासारखी बोलतात: कोण आजारी, कोणाकडे मयत, कोणी रातोरात बिऱ्हाड हलवलं. हिंकेत्सु (रक्तक्षय), हिक्कोशि (घर बदलणं), ओओशिन (डॉक्टरने घरी येऊन तपासणं) असे शब्द भागामागून भाग परत येतात. फ्लॅशकार्डांपेक्षा हे बरं, कारण दर वेळी तोच शब्द वेगळ्या तोंडून येतो.

एन-३च्या ध्वनिफितीपेक्षा बोलणं आखडलेलं असतं, एवढं धरून चाला. ‘शिते इरु’चं ‘शितेरु’ होतं, ‘शिते शिमात्ता’चं ‘शिचात्ता’. आपण ‘करते आहे’चं ‘करतेय’ करतो, तसंच. वहीत लिहिताना मात्र पूर्ण रूप लिहा. परीक्षेच्या व्याकरणात तेच विचारतात.

अख्खा भाग सलग बघणं ही करमणूक झाली. अभ्यासाला तीन मिनिटांचा तुकडा पुरे. पहिल्यांदा सबटायटल बंद ठेवून ऐकू येईल ते हिरागानात (जपानी उच्चारलिपीत) उतरवा, अर्थ कळो न कळो. दुसऱ्यांदा ऐकून गाळलेल्या जागा भरा. तिसऱ्यांदा सबटायटल लावून ताडून पाहा. मग पाच-सहा वाक्यं निवडून पात्राच्या मागोमाग, अर्धा सेकंद मागे राहून, मोठ्याने म्हणा. याला पाऊण तास लागतो. एका बैठकीला दहाच्या वर नवे शब्द घेतलेत तर आठवड्याने निम्मेही उरत नाहीत. इंग्रजी सबटायटल पहिल्यापासून चालू ठेवलं की डोळे कानांच्या पुढे पळतात आणि जपानी नुसतं पार्श्वसंगीत होऊन बसतं.

एक व्याकरण या मालिकेइतकं कुठेच ठसणार नाही. इथल्या व्हॅम्पायरांना घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही. त्यामुळे परवानगी मागणं आणि देणं हा जिवावरचा खेळ. ‘हाइत्ते मो ई?’ म्हणजे ‘आत येऊ का?’ ‘इरेते’ म्हणजे ‘मला आत घे’. हाइरु (आत येणं) आणि इरेरु (आत घेणं) ही अकर्मक-सकर्मक जोडी परीक्षेत हमखास येते. ‘आगात्ते’ हाही ‘या ना आत’चाच प्रकार, शब्दशः ‘वर या’, कारण जपानी घरात दारातून पायरी चढून वर यावं लागतं.

सबटायटलमध्ये ‘शिन्दे इरु’चा अर्थ ‘मेला आहे’ दिला होता. ‘-ते इरु’ म्हणजे चालू काम ना? मग ‘मरतोय’ का नाही?
— ठाणे

आधी ते ‘शिंदे’ ऐकून हसून घ्या, मराठी वर्गात ते टळत नाही. आता मुद्दा. ‘ताबेते इरु’ म्हणजे ‘जेवतोय’, कारण जेवणाला वेळ लागतो. ‘शिनु’ ही क्रिया क्षणात उरकते: आत्ता जिवंत, आत्ता नाही. अशा क्रियापदाला ‘-ते इरु’ लागलं की क्रिया संपल्यानंतरची स्थिती कळते. म्हणून ‘शिन्दे इरु’ म्हणजे ‘मेलाय’.

इंग्रजी माध्यमाच्या व्याकरणात यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. मराठीत उत्तर तयार आहे. ‘बसतोय’ आणि ‘बसलाय’ यांतला फरक आपल्याला कोणी शिकवलेला नाही. ‘सुवात्ते इरु’ म्हणजे ‘बसलाय’, ‘ओकिते इरु’ म्हणजे ‘जागा आहे’, ‘ओचिते इरु’ म्हणजे ‘पडलंय’. ‘केक्कोन शिते इरु’ म्हणजे लग्न झालेलं आहे. बोहल्यावर उभा आहे असं नव्हे. क्षणात उरकणारी क्रिया दिसली की मराठीत ‘-लाय’ लावून बघा, दहातल्या नऊ वेळा बसेल. खरोखर ‘मरायला टेकलाय’ म्हणायचं असेल तर ‘शिनिकाकेते इरु’.

बाकीची ‘-ते’ रूपंही अशीच घरची निघतात. ‘-ते मिरु’ म्हणजे करून पाहणं, ‘-ते ओकु’ म्हणजे करून ठेवणं, ‘-ते शिमाउ’ म्हणजे करून टाकणं किंवा होऊन जाणं. ‘शिन्जात्ता’ हे ‘शिन्दे शिमात्ता’चं आखडलेलं रूप: ‘गेला रे’ म्हणताना आवाजात येते ती हळहळ त्यात आहे.

गावकरी या भुतांना म्हणतात ‘ओकिआगारि’. ‘ओकिरु’ म्हणजे उठणं, ‘आगारु’ म्हणजे वर येणं; दोन्ही जोडून ‘उठून उभं राहणं’, आणि त्याचं नाम केलं की ‘उठून आलेला’. आडवी पाडली तरी पुन्हा उभी राहणारी बुडाला जड बाहुली असते, तिच्या जपानी नावातही हाच शब्द आहे.

अंत्यविधीला ‘सोशिकि’ म्हटलं तर सेन्सेई (आमच्या बाई) म्हणाल्या, तुम्ही ‘संघटना’ म्हणालात. चुकलं काय?
— नाशिक

एक मात्रा चुकली. अंत्यविधी म्हणजे ‘सो-ओ-शि-कि’, टाळीचे चार ठोके. ‘सो-शि-कि’ तीन ठोक्यांत म्हटलं की संघटना. गोची अशी की आपल्या कानाला ‘ओ’ मुळातच दीर्घ, म्हणून देवनागरीत ‘सो’ लिहिलं की दोन्ही सारखेच दिसतात. इकार-उकार आपण शुद्धलेखनात पाळतो, बोलताना फारसे पाळत नाही; ती सवय जपानीत महागात पडते. ‘ओजिसान’ म्हणजे काका, ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा, आणि या गावात दोघेही ढिगाने आहेत. पहिल्या महिन्यानंतर टिपणं देवनागरीत काढणं सोडा आणि नवा शब्द बोटांनी ठोके मोजत म्हणा.

उलट काही गोष्टी आपल्याला फुकट मिळतात. ‘त्सुया’ (अंत्यविधीच्या आदल्या रात्रीचं जागरण) यातला ‘त्सु’ म्हणजे ‘चूक’मधला ‘चू’, फक्त ऱ्हस्व. ‘चि’ म्हणजे ‘चिमणी’तला. हिंकेत्सुमधला अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो, अगदी पंकज आणि चंपा यांतल्यासारखा.

अंत्यविधीचा विषय निघालाच आहे तर: ‘सोतोबा’ म्हणजे जपानी थडग्यामागे उभ्या करतात त्या लाकडी पट्ट्या. शब्द संस्कृत ‘स्तूप’वरून चीनमार्गे गेलेला. भोवतालच्या मोमि (फर) वृक्षांपासून त्या पट्ट्या करणारं मालिकेतलं हे गाव. नावाचा उच्चार तोच, कांजी (चिनी चित्राक्षरं) मात्र ‘बाहेर’ आणि ‘जागा’ अशा साळसूद. आजच्या जपानमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त मृतांचं दहन होतं (कासोओ), पण सोतोबात अजून पुरतात (दोसोओ). ही एक जोडी कानाने पकडली नाहीत तर अख्खं कथानक निसटेल.

माझं नर्सिंग झालं आहे, काइगोच्या (वृद्धांच्या शुश्रूषेच्या) कामासाठी जपानला जायची तयारी करते आहे. यातला दवाखाना कामाला येईल का?
— नागपूर

शब्दांपुरता येईल. रक्ताची कांजी आधी घ्या: खाली ताटलीची कांजी (सारा, पाच रेघा) आणि तिच्यावर एक थेंब, एकूण सहा रेघा. जपानी मुलं ती तिसरीत शिकतात. एकटी असली की ‘चि’, जोडशब्दात ‘केत्सु’. मग केत्सुआत्सु म्हणजे रक्तदाब, केत्सुएकिगाता म्हणजे रक्तगट, केंकेत्सु म्हणजे रक्तदान, युकेत्सु म्हणजे रक्त चढवणं, शुक्केत्सु म्हणजे रक्तस्राव. रक्तदाब आणि केत्सुआत्सु यांची तर घडणही एकच आहे. हिंकेत्सु म्हणजे रक्ताचं दारिद्र्य, आणि क्यूउकेत्सुकि म्हणजे रक्त शोषणारा राक्षस, अर्थात व्हॅम्पायर.

रुग्णाच्या तोंडचे शब्द वेगळ्या वहीत घ्या: दारुई (अंग मोडून आल्यासारखं), कुराकुरा सुरु (गरगरणं), झुकिझुकि (ठणकणं), चिकुचिकु (टोचणं). मात्र डॉ. ओझाकींची बोलण्याची ढब उचलू नका. स्वतःला ‘ओरे’ (रांगडं ‘मी’) म्हणणारा, सिगारेट ओढत फटकळ बोलणारा गावचा डॉक्टर खपून जातो, नवी परिचारिका नाही. आणि या दवाखान्यात अंथरुणातल्या वृद्धाला कूस बदलून देणं, भरवणं, कपडे बदलणं यांची भाषा मिळणार नाही. व्हिसासाठी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक या जपानीच्या दुसऱ्या परीक्षेसोबत काइगो-जपानीची वेगळी परीक्षा असते. तिचा अभ्यास तिच्याच पुस्तकातून करा.

मुलगी १४ वर्षांची आहे, एन-५ झालं आहे. तिला दाखवू का?
— एक आई, डोंबिवली

नको. सुरुवातीचे भाग संथ आणि सौम्य वाटतात, त्यावर जाऊ नका. उत्तरार्धात दवाखान्यातला एक प्रसंग मोठ्यांनाही बघवत नाही, आणि शेवटच्या भागांत हिंसा उघडी-वाघडी आहे. शिवाय एन-५ला यातलं दहातलं एखादं वाक्य कळेल. दोन्ही कारणांनी तीन-चार वर्षं थांबा.

नात्सुनोसारखं बोललं तर चालेल का? ऐकायला भारी वाटतं.
— कोल्हापूर

मित्रांत चालेल, मुलाखतीत बोललात तर तिथेच संपलं. त्याचं बोलणं नकला करण्यापेक्षा हाका ऐकण्यासाठी वापरा. गावातली मेगुमी त्याला ‘युउकी-कुन’ म्हणते, आडनाव आणि कुन (मुलग्यांच्या नावामागे लावतात ते), म्हणजे ओढ आहे पण सलगी नाही. त्याचा मित्र तोओरु सरळ ‘नात्सुनो’ म्हणतो आणि ते त्याला आवडत नाही. तोशिओ आणि सेइशिन बालमित्र, म्हणून नुसती नावं. पण गावाला तेच दोघे ‘वाका-सेन्सेई’ आणि ‘वाका-गोइन’, धाकटे डॉक्टर आणि धाकटे भिक्षूमहाराज. अरे, अहो, राव, पंत यांत वाढलेल्याला हा हिशेब पटकन कळतो, इंग्रजी सबटायटलवाल्याला नाही.

मांगा वाचावी की कादंबरी?
— हैदराबाद

मांगा. ११ खंड आहेत आणि किशोरांच्या मासिकात आल्यामुळे कांजीशेजारी बारीक हिरागाना छापलेला असतो, त्यामुळे शब्दकोश बघणं सोपं जातं. ‘शिकी’मधली पहिली कांजी, ‘प्रेत’, ही जपान सरकारच्या २,१३६ नित्य वापराच्या कांजींत नाही. ओळखता आली तरी पुरे, लिहायला बसू नका. नुसत्या कानाला ‘शिकी’ म्हणजे चार ऋतू, समारंभ किंवा मृत्यूची घटकाही असू शकते. असले खेळ लेखकमंडळींना भारी प्रिय. ॲनिमेच्या भागांच्या शीर्षकांत आकड्याच्या जागी त्याच उच्चाराची अशुभ कांजी घातली आहे: तिसऱ्यात ‘सान’ म्हणजे भीषण, चौथ्यात ‘शि’ म्हणजे मृत्यू, पाचव्यात ‘गो’ म्हणजे चूक. कादंबरी मूळ दोन जाडजूड खंडांत, नंतर खिशात मावणाऱ्या पाच पुस्तकांत निघाली. एन-१च्या अलीकडे तिच्या वाटेला जाऊ नका.