वाचकांचे प्रश्न : परिपत्रक म्हणजे कायदा का?

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्यवसाय कायद्याच्या पेपरात पहिलेच प्रकरण ‘राज्यघटना आणि कायद्याचे स्रोत’ हे आहे. अधिनियम, नियम, अधिसूचना, न्यायनिर्णय, रूढी ही यादी आम्ही पाठ केली. माझे काका मात्र म्हणतात, की धंदा परिपत्रकांवर चालतो, घटनेवर नाही. परिपत्रक हाही कायदाच का? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : काकांचा अनुभव खरा आहे, पण त्यांच्या हाती येणारी सगळी परिपत्रके एका जातीची नसतात. पाठ केलेल्या यादीचा दोष हाच, की तीत सर्व नावे एका रांगेत बसतात आणि कोण कोणाच्या जोरावर उभे आहे ते दिसत नाही. म्हणून हाती आलेल्या प्रत्येक कागदाला त्याचा अधिकार कोठून आला हे विचारत वर जावे. परिपत्रकाने अधिनियमाचे कलम दाखवावे, अधिनियमाने घटनेच्या सातव्या अनुसूचीतील, म्हणजे केंद्र आणि राज्ये यांच्यात कायदे करण्याचे विषय वाटून देणाऱ्या यादीतील, आपली नोंद दाखवावी, आणि एवढे करूनही त्यातील कोणी मूलभूत हक्कांच्या आड येत असेल तर अनुच्छेद १३ नुसार ते तेवढ्यापुरते शून्य ठरते. त्या अनुच्छेदात ‘कायदा’ या शब्दात अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, अधिसूचना आणि कायद्याइतके बळ असलेली रूढीही मोडते, हे मुद्दाम वाचून पाहावे.

पहिली जात अधिनियमाच्या कलमातून निघणाऱ्या परिपत्रकांची. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी काढलेले परिपत्रक हे तिचे उत्तम उदाहरण आहे. बिटकॉइनसारख्या आभासी चलनांचे व्यवहार करणाऱ्यांना कोणतीही सेवा देऊ नये, असे त्यात बँकांना बजावले होते. हा निव्वळ सल्ला नव्हता. बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ आणि रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ यांनी दिलेल्या अधिकारांतून ते निघाले होते, त्यामुळे बँकांना ते पाळणे भाग होते. आभासी चलनाच्या खरेदी-विक्रीवर कोणत्याही अधिनियमाने बंदी घातलेली नव्हती, तरी बँक खात्यावाचून तो धंदा चालणे अशक्य झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ मार्च २०२० रोजी निकाल लागला. असे निर्देश देण्याचा रिझर्व्ह बँकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. पण अनुच्छेद १९(१)(छ) ने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्यावर एवढा मोठा घाव घालायचा, तर या व्यवहारांमुळे आपल्या देखरेखीखालील एखाद्या तरी बँकेचे काही नुकसान झाल्याचे दाखवायला हवे होते, ते रिझर्व्ह बँकेला दाखवता आले नाही, म्हणून उपाय प्रमाणाबाहेरचा ठरवून परिपत्रक रद्द केले. अधिकार असणे आणि तो घटनेच्या कसोटीला उतरेल असा वापरणे, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत त्या बहुधा एकत्र मिसळलेल्या आढळतात.

दुसऱ्या जातीची परिपत्रके म्हणजे एखाद्या खात्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी लिहिलेला कायद्याचा अर्थ. अधिकारी त्याला बांधलेले असतात, न्यायालय नसते. ‘रतन मेल्टिंग’ या उत्पादन शुल्काच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की अधिनियमाच्या तरतुदीविरुद्ध जाणाऱ्या परिपत्रकाला कायद्यात अस्तित्वच नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा अनुच्छेद १४१ मुळे सर्व न्यायालयांवर बंधनकारक असल्याने त्याच्याशी विसंगत परिपत्रकही टिकत नाही. काकांनी यापुढे परिपत्रक वाचताना ‘अमुक कलमान्वये’ हे शब्द आधी शोधावेत.

प्रश्न : आमच्या बाजारपेठेत जुन्या रीतिरिवाजांना मोठा मान आहे. लेखी कायद्यांच्या काळात रूढीला काही अर्थ उरला आहे का? – एक व्यापारी, लातूर

उत्तर : उरला आहे, आणि तोही लेखी कायद्यानेच राखून ठेवला आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या पहिल्याच कलमात व्यापारी प्रथांना जागा आहे, मात्र ती प्रथा अधिनियमाच्या तरतुदींशी विसंगत नसावी. धनादेश, वचनचिठ्ठी अशा हस्तांतरणीय कागदांविषयीचा परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ तर हुंडीसारख्या देशी भाषांतील संलेखांच्या स्थानिक प्रथांना आपण हात लावत नाही, असे सुरुवातीलाच सांगतो. पक्षकारांना ती प्रथा नको असेल तर तसे संलेखातच लिहिता येते. रूढी आहे असे जो म्हणतो त्याने ती सिद्ध करायची असते. ‘आमच्याकडे असेच चालते’ एवढ्याने भागत नाही.

प्रश्न : मूलभूत हक्क माणसांचे असतात. मग कंपनी न्यायालयात कशाच्या आधारे जाते? – एम.बी.ए.चा विद्यार्थी, पुणे

उत्तर : येथे ‘व्यक्ती’ आणि ‘नागरिक’ हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. समानतेचा अनुच्छेद १४ कोणत्याही ‘व्यक्ती’ला मिळतो, म्हणून कंपनीलाही मिळतो. अनुच्छेद १९ मात्र फक्त नागरिकांसाठी आहे, आणि ‘स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन’च्या खटल्यात १९६३ साली कंपनी ही नागरिक नव्हे असा निर्णय झाला. वाट निघाली ती बँक राष्ट्रीयीकरणातून. १९ जुलै १९६९ रोजी अध्यादेशाने १४ बँका सरकारकडे घेण्यात आल्या आणि पुढच्याच महिन्यात अध्यादेशाची जागा अधिनियमाने घेतली. त्याला आव्हान दिले ते बँकांनी नव्हे, तर रुस्तम कावसजी कूपर या भागधारकाने. कंपनीवरील कारवाईने भागधारकाच्या स्वतःच्या हक्कांनाही बाध येत असेल तर तो दाद मागू शकतो, हे न्यायालयाने मानले आणि १० फेब्रुवारी १९७० रोजी तो अधिनियम रद्दबातल ठरवला. सरकारने चारच दिवसांत नवा अध्यादेश काढून बँका आपल्याकडे ठेवल्या, हा भाग वेगळा. पण तेव्हापासून कंपनीच्या रिट अर्जात एखाद्या भागधारकाचे किंवा संचालकाचे नाव सह-अर्जदार म्हणून जोडण्याची वकिलांची रीत पडली आहे.