बाबांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार) आणि हृदयाचा त्रास आहे. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब ६२ आला, तरी नात्यातल्या एका मुलीला लागू पडलेली सिल्डेनाफिल ही गोळी डॉक्टर का देत नाहीत?

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या नात्यातल्या तरुणीला ज्या गोळीने आराम पडला, ती ७१ वर्षांच्या बाबांना अपाय करू शकते, म्हणून डॉक्टर थांबले असावेत. माझ्या मते ते बरोबर आहे.

तुम्ही लिहिलंय की त्या मुलीच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्याच मुळात आजारी आहेत. हे औषध त्या आजारासाठीच आहे. बाबांच्या हृदयाची डावी बाजू ताठर झाली आहे, त्यामुळे रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. अशा वेळी फुप्फुसातल्या वाहिन्या सैल केल्या तर डाव्या बाजूवर आणखी रक्त येतं आणि फुप्फुसात पाणी साचू शकतं. सीओपीडीची अडचण वेगळी. जिथे हवा पोचत नाही तिथल्या वाहिन्या शरीर स्वतःच आवळून धरतं. गोळीने त्या उघडल्या की प्राणवायू न घेताच रक्त पुढे जातं आणि ऑक्सिजन आणखी उतरतो.

हा नुसता तर्क नाही. झडपेचं ऑपरेशन होऊनही दाब उरलेल्या रुग्णांना सिल्डेनाफिल देऊन पाहिली, तर त्यांची प्रकृती जास्त बिघडली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले इतके रुग्ण आहेत की मला तो फार महत्त्वाचा वाटतो. फुप्फुसं घट्ट होण्याच्या आजारात श्वासावाटे घ्यायच्या ट्रेप्रोस्टिनिलचा (हेही वाहिन्या सैल करणारंच औषध) फायदा दिसला, अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला मान्यताही मिळाली. सीओपीडीत मात्र त्याच औषधाची चाचणी मध्येच थांबवावी लागली.

मग करायचं काय? विश्रांतीत ऑक्सिजन ८८ टक्के किंवा त्याखाली राहत असेल, तर घरी रोज किमान १५ तास ऑक्सिजन. लघवीची गोळी, बीपी, अनियमित ठोके, घोरणं यांचा नीट बंदोबस्त. इकोतला आकडा अंदाजाचा असतो, म्हणून शंका उरली तर शिरेतून नळी घालून दाब प्रत्यक्ष मोजतात. डाव्या बाजूचा दाब १५ च्या वर निघाला, तर मूळ दुखणं बहुतेक तिथलंच. व्हीक्यू स्कॅनबद्दल (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारी तपासणी) जरूर विचारा. जुन्या गुठळ्या सापडल्या तर काहींना ऑपरेशनने बरं करता येतं. वाहिन्यांमधला अडथळा फारच जास्त निघाला, तर फुप्फुसातल्या वाढलेल्या दाबावर उपचार करणाऱ्या मोठ्या केंद्रात दाखवा. तिथे निवडक रुग्णांना ही औषधं देखरेखीखाली देतात.

आणि त्या मुलीच्या गोळ्या बाबांना स्वतःहून देऊ नका. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत असतील तर मुळीच नाही. दोन्ही मिळून बीपी एकदम कोसळतं.